वाफसा येईपर्यंत: मुरूडच्या एका खलाटीतला वाल

माझ्या मामांची शेती मुरूड तालुक्यात, समुद्रापासून सात-आठ किलोमीटर आत, डोंगराच्या पायथ्याला आहे. सगळी मिळून पस्तीस गुंठे, तीन खाचरांत. वरचं खाचर आठ गुंठ्यांचं, डोंगराला लागून. वीतभर खणलं की जांभ्याचे खडे हाताला लागतात. मधलं बारा गुंठ्यांचं. खालचं पंधरा गुंठ्यांचं, वहाळाच्या (ओढ्याच्या) कडेला, काळसर चिकण मातीचं. घरात त्याला नुसतं ‘खलाटी’ म्हणतात. पावसाळ्यात तिन्हीत भात आणि भात कापलं की तिन्हीत वाल. कडवा वाल, बिरड्याचा. विहीर आहे ती घराजवळ, शेतापर्यंत पाइप नाही. म्हणजे वालाला मिळतो तो भाताने मागे ठेवलेला ओलावा. मामांच्या मते पहाटेचं दवही. दवाने रोप जगतं यावर माझा पूर्ण विश्वास नाही. दवाने पानं उशिरापर्यंत गार राहतात आणि रोपाला पाणी कमी लागतं, इतकं मी मानतो. मामांना एवढा फरक करायची गरज वाटत नाही.

मी दापोलीला शेतीचं शिकलो आणि नोकरीसाठी ठाण्याला आलो. सुट्टीला गेलो की त्या शेताची वही लिहितो. २०१९ च्या डिसेंबरात मामीने विचारलं होतं, “एवढा शिकलास, तर सांग, एवढ्या पावसात वाल का नाय झाला?” तेव्हापासून ही वही आहे. खालचं प्रकरण तिच्यातलंच.

कोकण किनाऱ्यावर वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वालाच्या दृष्टीने या आकड्यात काही अर्थ नाही. त्यातलं बहुतेक पाणी वहाळाने खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातं. वालाच्या वाट्याला येतं ते हातभर मातीत मुरून राहिलेलं, तेही भाताची मुळं पिऊन झाल्यावर. त्यामुळे पाऊस तीन हजार पडला की चार हजार, यापेक्षा तो कोणत्या दिवशी थांबला आणि थांबल्यावर पुन्हा आला का, यावर कोकणातली कडधान्यं उभी असतात. मामा हे एका वाक्यात सांगतात: “पाऊस किती पडला ते विचारू नको, गेला कवा ते विचार.”

२०१९

त्या वर्षी देशातून मान्सून परतायला सुरुवातच ९ ऑक्टोबरला झाली. हवामान खात्याच्या नोंदींत इतक्या उशिरा ती कधी झालेली नव्हती. मग दिवाळीच्या तोंडावर अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ उठलं. ते ओमानच्या दिशेने गेलं, पण जाता जाता किनारा भिजवून गेलं. लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. पणत्या ओटीवर लावाव्या लागल्या, अंगणात विझत होत्या. त्याच्या मागोमाग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘महा’.

शेतात काय झालं ते खाचरागणिक सांगायला हवं, कारण तिन्हीत वेगवेगळं भात होतं. वरच्या खाचरात हळवं, एकशेदहा-पंधरा दिवसांचं. मधल्यात निमगरवं. खलाटीत गरवं, साडेचार-पाच महिने घेणारं. ही वाटणी मामांच्या वडिलांपासूनची. वरची जमीन लवकर सुकते म्हणून तिथे लवकर येणारं भात, खालची पाणी धरते म्हणून तिथे सावकाश येणारं. कापणी वरून खाली सरकत यायची, मजूर पुरायचे आणि वालाची पेरणीही त्याच क्रमाने दिवाळीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत उरकायची.

हळवं भात सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तयार झालं आणि पावसात उभं राहिलं. उघडीप मिळेल म्हणून मामा थांबले. भात लोळलं, लोंब्यांना जागेवरच कोंब आले. मधलं ऑक्टोबरच्या मधल्या उघडिपीत कापून शेतात पसरलं आणि दोनच दिवसांत भिजलं. पेंढा काळा पडला, तो गुरांनीही हुंगून सोडला. गरवं तेवढं वाचलं, कारण ते अजून हिरवंच होतं. भाताचा हिशेब पाहिला तर खलाटी जिंकली होती.

वालाचा हिशेब नेमका उलटा निघाला. गरवं भात कापायला नोव्हेंबरची वीस तारीख उलटली आणि कापल्यावरही जमीन पेरायजोगी होईना. मातीत वाफसा हवा. म्हणजे ओल असावी, पण हवाही खेळती असावी. मामी तो मुठीत बघते. १ डिसेंबरला तिने खलाटीतली माती मुठीत दाबली तर ती बोटांच्या फटींतून बाहेर आली, सैल मळलेल्या कणकेसारखी. पाच दिवसांनी लाडू वळला, पण अंगठ्याने दाबल्यावर फुटला नाही, चेपला. ११ डिसेंबरला लाडू वळला आणि अंगठा लावताच त्याचे तीन तुकडे झाले. “आज,” मामी म्हणाली आणि त्याच दुपारी नांगर निघाला. पण तोवर बांधाच्या कडेची माती वरून तडकायलाही लागली होती. चिकण मातीत अति ओली आणि अति कडक यांच्या मधला काळ जेमतेम चार-पाच दिवसांचा असतो. तो हुकला की ढेकळं निघतात आणि बी ढेकळाच्या पोटात अडकतं.

११ डिसेंबरचा वाल जानेवारीअखेर फुलावर आला. आता त्याला शेंगा भरायला फेब्रुवारी मिळणार. फेब्रुवारीत वारा समुद्राकडून यायच्या ऐवजी घाटाकडून वाहायला लागला की किनाऱ्यावरही पारा ३५ च्या पुढे जातो. जमिनीत ओल संपलेली, वरून हा ताप. फुलं गळाली, राहिलेल्या शेंगांत दोन-दोन दाणे. एरवी खलाटीत नव्वद-शंभर किलो वाल व्हायचा, त्या वर्षी अठ्ठावीस झाला.

पण उशिराचं सगळं नुकसान उन्हाने केलं असं लिहिलं तर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. दुसरं अर्धं गुरांनी केलं. आमच्या गावात भात निघाल्यावर गुरं मोकळी सोडतात. वालाचे दिवस मात्र अख्ख्या गावाचे एकच असतात, म्हणून तेवढे महिने सगळे आपापली गुरं सांभाळतात आणि शेंगा निघाल्या की पुन्हा सोडतात. यासाठी कुठे ठराव झालेला नाही, पिढ्यांचा शिरस्ता आहे. २०१९ मध्ये माळावरच्यांनी वेळेत पेरलं, काहींनी वाल सोडूनच दिला, मामांनी महिनाभर उशिरा पेरलं. माळावरचा वाल निघाला, गुरं सुटली आणि मामांच्या खलाटीत हिरवं फक्त तेवढंच उरलेलं. मामा-मामी आळीपाळीने राखणीला बसली. दोन माणसांनी पंधरा गुंठे किती राखायचे? वर माकडं होतीच. पाऊस सरकला तशी गावाची एकत्र राखणही विस्कटली, आणि हे नुकसान मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही.

भाताचा पंचनामा झाला. वालाचा होण्याचा प्रश्नच नव्हता. पंचनाम्याच्या दिवशी वाल पेरलेलाच नव्हता.

२०२१

या वर्षी जुलैत चिपळूण-महाड बुडाले, तळीयेत दरड कोसळली, पण आमच्या तीन खाचरांपुरतं बोलायचं तर भात बरं आलं. ऑक्टोबरात उघडीप मिळाली, वाल वेळेत पडला. वरचा, मधला आणि खलाटीतलाही नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. उगवण देखणी होती. मामांनी फोनवरून फोटो पाठवला, सरळ ओळींत चार-चार पानांची रोपं.

१ डिसेंबरला पाऊस आला. अवकाळी म्हणतात तो नुसता शिडकावा नव्हता, मुंबईपासून खाली कोकणापर्यंत दिवसभर पडत होता, दुसऱ्या दिवशीही. खलाटीत पाणी उभं राहिलं. बांध भातासाठी घातलेले, पाणी अडवायला. त्यांनी आपलं काम चोख केलं. मामांनी बांध फोडला तो तिसऱ्या दिवशी.

मी पुढच्या शनिवारी पोचलो तेव्हा खलाटीतली रोपं उभी होती, पण पिवळी. एक उपटून बघितलं. वालाच्या मुळांवर मोहरीएवढ्या, मुगाएवढ्या गाठी असतात, त्यांत रायझोबियमचे जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र रोपाला देतात. कडधान्याला युरिया फारसा लागत नाही तो या गाठींमुळे. चांगली गाठ नखाने फोडली की आत गुलाबी दिसते. हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या रंगद्रव्याचा जवळचा नातेवाईक, आणि त्याचं काम जिवाणूंना हवा तेवढाच प्राणवायू पोचवणं. खलाटीतल्या रोपाच्या गाठी फोडल्या तर आत तपकिरी चिकट, सडक्या बटाट्याच्या वासाच्या. पाणी उभं राहिलं की मातीतली हवा बाहेर पडते, दोन दिवसांत मुळं आणि गाठी गुदमरतात. रोप मेलेलं नसतं, पण त्याची शिदोरी गेलेली असते.

मग वर गेलो. वरच्या खाचरातलं रोप उपटलं. गाठी टपोऱ्या आणि आत लख्ख गुलाबी. या खडकाळ आठ गुंठ्यांत पाणी ठरतच नाही, उलट दर वर्षी जानेवारीत वाल तिथे तहानेने मान टाकतो. त्याला डिसेंबरचा हा पाऊस म्हणजे फुकटचं एक ओलीत मिळालं. एरवी तिथे तीसेक किलो वाल होतो, त्या साली बावन्न झाला. खलाटीत अर्धीअधिक रोपं गेली, ढगाळ हवेत उरलेल्यांवर मावा ही कीड चढली, शेवटी चाळीसच्या आत आलं.

एकाच पावसात, शंभर पावलांच्या अंतरावर. “अवकाळीने कडधान्याचं नुकसान” अशी बातमी वाचली की मला ही शंभर पावलं आठवतात. नुकसान खरंच असतं, पण ते जमिनीच्या उतारावर ठरतं, आणि कोकणात उतार नाही अशी जमीन शोधावी लागेल.

हे दोन्ही पाऊस निव्वळ योगायोगाने आले असं म्हणता येत नाही. २०२० मध्ये हवामान खात्याने मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. मुंबईतून मान्सून परतण्याची तारीख २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी अरबी समुद्रातली चक्रीवादळं मोजली, तेव्हा २००१ ते २०१९ या काळात ती १९८२ ते २००० च्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढलेली निघाली. समुद्र तापलाय, आणि ही वादळं मुख्यतः मान्सूनच्या आधी व नंतर येतात. ‘नंतर’ म्हणजे नेमकी आमची कापणी आणि पेरणी. उलट टोकाचंही होतं. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी खलाटी वेळेत वाफशावर आली आणि वरच्या खाचरातला वाल मात्र गुडघ्याच्या वर गेला नाही.

मग करायचं काय

घरात पहिला सूर होता बियाण्याचा. कोणी सांगितलं दापोलीच्या विद्यापीठाचा ‘कोकण वाल’ पेरा, कोणी म्हणालं गावठीच चिवट. मी दोन्ही पेरून बघायला लावले. विद्यापीठाचा आखूड, एकदम तयार होणारा. गावठी पसरणारा, चवीला सरस. फरक आहे. पण वाफशाच्या चार दिवसांनी जेवढा फरक पडतो, त्यापुढे बियाण्याचा फरक लहान. वालाचं काय होणार हे नोव्हेंबरात ठरत नाही, जूनमध्ये कोणत्या खाचरात कोणतं भात पेरलं त्यावर ठरतं, हे आमच्या डोक्यात यायला दोन हंगाम गेले.

आणि तिथेच पेच आहे. खलाटीत हळवं भात घातलं तर जमीन लवकर मोकळी होते, वालाला भरपूर दिवस मिळतात. पण हळवं तयार होतं सप्टेंबरअखेर, आणि पाऊस आता तेव्हा परतत नाही. भात हमखास भिजणार. गरवं घातलं तर भात वाचतं, वाल मरतो. पूर्वीच्या तारखांना आजोबांची वाटणी अचूक होती. तारखा आठ-दहा दिवस सरकल्या आणि तीच वाटणी दोन्हीकडून चावायला लागली. “जुनं ते बरोबरच होतं, पावसाने शब्द फिरवला,” असं मामा म्हणतात तेव्हा मी वाद घालत नाही.

२०२२ पासून खलाटीत निमगरवं आलं, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात कापणीला येणारं. हे तडजोडीचं भात आहे, दोन्ही बाजूंनी थोडा धोका घेतं. वरच्या खाचरात हळवं बंद. तिथेही निमगरवं, आणि भातानंतर निम्म्या भागात वालाऐवजी कुळीथ. कुळथाला तहान सोसते, त्याची पिठी घरात रोज लागते, शिवाय आजीच्या काळात तिथे कुळीथच असायचा हे मामीला आठवलं. तूर आधीपासून बांधावर होती, तशीच राहिली. बांधावर तिचे पाय पाण्यात बुडत नाहीत.

मधल्या खाचरात आम्ही गादीवाफे, म्हणजे उंच उचललेले वाफे, केले. ही पद्धत नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केली, ‘सगुणा राइस टेक्निक’ या नावाने ती ओळखली जाते. जमीन एकदाच नांगरून गादीवाफे करायचे, त्यांवर भात थेट टोकायचं, लावणी नाही, पाण्यात माती कालवून चिखल करायची चिखलणी नाही. भात कापलं की मुळं तशीच जमिनीत ठेवायची आणि त्यांच्या मधल्या जागेत कडधान्य टोकायचं. आमच्या प्रकरणात या पद्धतीने दोन गाठी सुटल्या. नांगराची वाट बघावी लागत नाही, म्हणून माती थोडी ओली असली तरी बी पडतं. आणि अवकाळी आला तर पाणी वाफ्यांमधल्या सरीत उतरतं, मुळं वर राहतात. चिखलणी थांबली की चिखलाखाली बसणारा कडक थर हळूहळू सैल होतो आणि वालाचं मूळ खाली जाऊ शकतं; तिसऱ्या वर्षी मी खणून पाहिलं, मूळ कोपरभर खाली गेलेलं होतं.

माझी तक्रार एकच आहे. या पद्धतीत तणनाशकावर भिस्त आहे, आणि आमची खलाटी वहाळाला लागून. मामी त्याच वहाळात खेकडे पकडायला जाते. म्हणून आम्ही फवारणी कमी करून कोळपं आणि हात वापरतो. त्यात मजुरीची बचत बरीचशी खर्च होते. हे मी लपवणार नाही. मामांचा खरा आक्षेप वेगळाच होता. जूनमध्ये चिखल न करता भात लावायचं म्हणजे त्यांना शेती केल्यासारखंच वाटेना. पहिल्या वर्षी ते मधल्या खाचराकडे बघायला यायचे आणि काही न बोलता परत जायचे.

खलाटीत गादीवाफे अजून निम्म्याच भागात झालेत. चिकण मातीत ते करणं कष्टाचं आहे. उरलेल्या भागात वहाळाच्या दिशेने दोन चर काढले, फूटभर खोल, आणि भात कापलं की त्याच दिवशी बांधाचं तोंड उघडतो. एवढी साधी गोष्ट २०२१ मध्ये सुचली असती तर पन्नास किलो वाल वाचला असता.

राखणीवर उपाय निघाला तो शेतीच्या पुस्तकात मिळणारा नाही. खलाटीला लागून असलेल्या चार घरांनी ठरवलं की सगळ्यांनी निमगरवंच लावायचं, म्हणजे वाल एकाच आठवड्यात पडेल आणि राखण वाटून घेता येईल. तिघांनी पाळलं. चौथ्याने यंदाही गरवं लावलं, कारण त्याच्या घरात त्याच तांदळाच्या भाकऱ्या लागतात. कारण पटण्यासारखं आहे.

मामीने स्वतःहून केलेली एक गोष्ट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. ती बियाणं राख लावून आता दोन डब्यांत ठेवते. एक पेरायचा, दुसरा पहिला पाण्यात गेला तर. २०२१ मध्ये दुबार पेरायला घरात बी नव्हतं, आणि बाजारातला वाल बिरड्यासाठी ठीक, उगवेल याचा भरवसा नाही.

आत्ता

हे लिहितोय तो नोव्हेंबर २०२५ चा दुसरा आठवडा. यंदा मान्सून मुंबईत २६ मेला पोचला, इतक्या लवकर १९५० पासून आला नव्हता. राब, म्हणजे भाताची रोपं करायची जागा, भाजून झालेले नव्हते, पेरणीची माती चिखल झाली, तरव्याचं (रोपांचं) वेळापत्रक सुरुवातीलाच कोलमडलं. आणि ऑक्टोबर संपताना पाऊस पुन्हा आला, कापणीच्या ऐन दिवसांत. मधल्या खाचरातलं भात त्याच्या आधी चार दिवस घरात आलं होतं, खलाटीतलं निम्मं भिजलं. पाच महिन्यांहून जास्त पाऊस पाहिलेली जमीन आहे, ओल भरपूर असणार. ती कधी सोडते तेवढंच बघायचं.

मधल्या गादीवाफ्यांवर वाल टोकून झाला, वर कुळीथ पडला. खलाटीच्या वाफे केलेल्या भागात काल बी पडलं. उरलेल्या भागातल्या मातीची मूठ मामीने आज सकाळी दाबून दाखवली. लाडू झाला, अंगठ्याने चेपला गेला, फुटला नाही.

“अजून चार दिवस,” ती म्हणाली. दुसरा डबा फडताळात वरच्या फळीवर आहे. तो उघडायचा की उसळीला घ्यायचा, हे देवदिवाळी झाल्याशिवाय ती ठरवणार नाही.